फॅमिली रूम : मुंबईत नवराबायको हॉटेलात जेवू लागले त्याचा इतिहास

मुंबईत नवराबायकोने मिळून हॉटेलात जाण्याची चाल विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हळूहळू पडली आणि स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत रुळली. त्याआधी शहरात बाहेर खाण्याच्या जागा पुष्कळ होत्या. पण त्या एकट्या पुरुषांसाठी होत्या. कुणाच्या हातचे खायचे हा जातीचा प्रश्न आणि बाईमाणसाने चारचौघांत कुठे बसायचे हा रीतीचा प्रश्न, हे दोन्ही सुटल्याशिवाय नवे जोडपे हॉटेलाची पायरी चढणे शक्य नव्हते. पहिला प्रश्न सोडवायला इराण्यांपासून उडुप्यांपर्यंत अनेकांचे हात लागले. दुसऱ्यावर हॉटेलवाल्यांनी लाकडी आडोशाचा साधा तोडगा काढला. त्याचे नाव फॅमिली रूम.

घरातली पंगत

एकोणिसाव्या शतकातल्या मराठी घरांत, विशेषतः पांढरपेशा घरांत, पुरुषांची पंगत आधी उठे आणि बायका मागून बसत. नवऱ्याच्या ताटात बायकोने जेवणे हा पतिव्रताधर्म समजला जाई. त्याच्या शेजारी बसून जेवणे मात्र मर्यादेला सोडून होते. नवराबायकोने सर्वांसमक्ष एकत्र खाण्याचा मान्य प्रसंग मुख्यतः एकच होता. लग्नाच्या पंगतीत नाव घेऊन एकमेकांना घास भरवण्याचा.

नव्या जोडप्याचे बाहेरचे जेवण म्हणजे नातेवाइकांकडचे जेवण. लग्नाआधी केळवणे होत, लग्नानंतर मामाकडचे, आत्याकडचे, मावशीकडचे आमंत्रण येई. जेवण झाले की सुनेची ओटी भरली जाई, हातावर खण किंवा साडी पडे. या फेरीत जोडपे नात्यातली माणसे ओळखायला शिके आणि नात्यातली माणसे सुनेला पारखून घेत. जेवायला कुठे जायचे हे जोडपे ठरवत नसे; ते घरातली मोठी माणसे ठरवत.

खानावळीचे शहर

१८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली आणि पुढच्या अर्धशतकात रत्नागिरी, सातारा, पुणे जिल्ह्यांतून माणसांचा लोंढा शहरात आला. आले ते बहुतेक पुरुष. बायकामुले गावी शेताकडे राहिली. १९२१ च्या जनगणनेत मुंबईतल्या बायकांची संख्या पुरुषांच्या निम्म्याहून थोडीच अधिक होती. अशा शहरात जेवणाची सोय हा एकट्या पुरुषांचा प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर खानावळीने दिले.

गिरणगावातली खानावळ म्हणजे बहुधा चाळीतलीच एक खोली. विधवा, टाकलेल्या किंवा तुटपुंज्या कमाईच्या कामगारांच्या बायका पंधरा-वीस गड्यांचे जेवण रांधत. हिशेब महिन्याचा, पगाराच्या दिवशी चुकता व्हायचा. खाणारे बहुधा खानावळवालीच्या जातीचे, जिल्ह्याचे, पुष्कळदा तिच्या गावाकडचेच असत. त्यामुळे विटाळाचा प्रश्न उठत नसे आणि तोंडाला सवयीची चव मिळे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. खानावळवालीला सावकाराच्या कर्जातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देणे हे त्याचे पहिले मोठे काम होते. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या बसल्या आणि जुन्या खानावळींचा कणाच मोडला.

गिरगाव, ठाकूरद्वार, काळबादेवी भागातल्या खानावळी कारकून आणि विद्यार्थ्यांच्या होत्या. पाटावर बसून, पुष्कळ ठिकाणी सोवळ्याच्या नियमांनी जेवण होई. परगावच्या प्रतिष्ठितांसाठी क्रॉफर्ड मार्केटजवळचे सरदारगृह होते. लोकमान्य टिळकांचा मुक्काम तिथे असे आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे निधनही तिथेच झाले. या सगळ्या ठिकाणी गिऱ्हाईक म्हणून बाई जवळजवळ नव्हतीच. ती होती ती स्वयंपाकघरात.

चहाच्या पेल्यावरून

बाहेरचे खाणे किती स्फोटक होते हे पुण्याच्या पंचहौद प्रकरणाने दाखवले. १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाला जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणेवैभव’ पत्रात छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, सुरू झाले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. न्यायमूर्ती रानडे आणि टिळक या परस्परविरोधी बाजूंच्या दोघांनाही त्यात प्रायश्चित्ताला सामोरे जावे लागले. त्याआधी मुंबईत १८४९ मध्ये स्थापन झालेल्या परमहंस सभेचे सभासद परधर्मीयाच्या हातचा पाव खात, पण तेही गुप्तपणे.

विटाळाची ही भिंत वेगवेगळ्या बाजूंनी फोडली गेली. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी छत्रपती शाहू महाराजांच्या पाठबळावर चहाचे हॉटेल काढले. महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घेत आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजत. रत्नागिरीत सावरकरांनी १९३३ मध्ये अखिल हिंदू उपाहारगृह सुरू करवले. अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकर सहभोजनांबरोबर सत्यनारायणाच्या पूजा घालून पूजेला दलित जोडप्याला बसवण्याचा प्रघात पाडला. मुंबईत मात्र चळवळीपेक्षा रोजच्या धंद्याने जास्त काम केले. गिरणीत, गोदीत, कचेरीत हजारो माणसे दिवसभर राबत होती. दुपारी तहान-भूक लागली की समोरच्या दुकानात कोण आहे हे पाहत बसणे परवडणारे नव्हते.

इराण्याचा कोपरा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणातल्या यज्द, कर्मान भागांतून आलेल्या झरतुष्ट्रींनी मुंबईत चहाची दुकाने थाटली. धोबी तलावाचे कयानी १९०४ चे, ग्रँट रोड स्टेशनसमोरचे बी. मेरवान १९१४ चे, बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया १९२३ चे, माटुंग्याचे कूलर १९३२ चे. कोपऱ्यावरची जागा हिंदू दुकानदार अपशकुनी मानून टाळत, ती इराण्यांनी घेतली, असे सांगितले जाते. दोन रस्त्यांवर उघडणारे दरवाजे, संगमरवरी टेबले, वळवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे आणि गल्ल्यावर बसलेला मालक हा त्यांचा ठरलेला साज. ब्रून मस्का, खारी, मावा केक, आम्लेट, खिमा हे खाणे आणि ‘पानी कम’ चहा.

इराणी मालक हिंदू नव्हता, बहुधा मुसलमानही नव्हता. त्याचे दुकान कुठल्याच जातीच्या मालकीचे ठरत नव्हते. त्यामुळे तिथे कुणीही बसू शकत असे. तरी सोवळ्या घरांच्या दृष्टीने अंडी-मटण शिजणारे ते दुकान वर्ज्यच होते. घरचा मुलगा तिथे चोरून आम्लेट खाऊन येई. सून तिथे जाण्याचा प्रश्नच नव्हता. मात्र टेबल-खुर्चीवर बसून, अनोळखी माणसाशेजारी, पैसे टाकून खाण्याची सवय मुंबईकराला इराण्याने लावली. बाईला वेगळे बसवण्याची सोय रुजली तीही प्रामुख्याने याच हॉटेलांत.

फराळाची वाट

मराठी घरातली बाई हॉटेलात आली ती बहुधा मराठी उपाहारगृहाच्या दारातून. दादर स्टेशनजवळ १९१० मध्ये मामा काणे यांचे दुकान ‘दक्षिणी ब्राह्मणाचे स्वच्छ उपाहारगृह’ म्हणून सुरू झाले. रांधणारा कोण आणि जागा कशी, या गिऱ्हाइकाच्या दोन्ही शंकांची उत्तरे मालकाने पाटीवरच देऊन टाकली होती. गिरगावात १९२१ मध्ये पणशीकर आले, १९४० मध्ये विनय हेल्थ होम. दादरला तांबे आरोग्य भुवन, पुढे गिरगावातून दादरला आलेले प्रकाश. ‘आरोग्य’, ‘हेल्थ’, ‘दुग्ध मंदिर’ अशी नावे योगायोगाने पडलेली नव्हती. हॉटेल म्हणजे शिळेपाके आणि बाटणे ही घरातल्या वडीलधाऱ्यांची समजूत त्यांना पुसायची होती.

या दुकानांच्या फळ्यावरचे पदार्थही पाहण्यासारखे आहेत. साबुदाण्याची खिचडी, साबुदाणा वडा, पीयूष, थालीपीठ, कोथिंबीर वडी, बटाटेवडा, मिसळ. जुन्या रीतीत भात-आमटी हे सर्वांत लवकर विटाळणारे अन्न. दुधातले, तळलेले किंवा फराळाचे पदार्थ त्या मानाने सोवळ्यात सैल. म्हणून तर प्रवासाला दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या नेत. उपाहारगृहात जेवण नव्हते, फराळ होता. जेवायला घरीच जायचे आहे, इथे फक्त काहीतरी तोंडात टाकायचे, एवढ्या सबबीवर पुष्कळांचा पहिला प्रवेश झाला असावा. उपवासाच्या दिवशीही चालतील असे पदार्थ मिळत असल्याने खरेदीला निघालेल्या बायकांना ही दुकाने सोयीची पडली.

उडुप्याचा डोसा

१८९६ च्या प्लेगनंतर शहराची दाटी मोडण्यासाठी १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याची नवी वसाहत आखली गेली. रेल्वेत आणि कचेऱ्यांत नोकरी करणारे दक्षिणेकडचे कारकून माटुंग्यात स्थिरावले. त्यांच्यामागून दक्षिण कानडा जिल्ह्यातल्या उडुपी भागातले हॉटेलवाले आले. कॅफे मद्रास १९४० चे, ए. रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चे. तिथून हा धंदा रेल्वेच्या रुळांबरोबर प्रत्येक स्टेशनापर्यंत पसरला.

उडुपी हॉटेलने एक अवघड गणित सोडवले. स्वयंपाक शाकाहारी आणि ब्राह्मणी वळणाचा, म्हणून सनातन्यांनाही चालणारा. गिऱ्हाईक मात्र कुणीही. शिवाय इडली-डोसा हे मराठी घरात त्या काळी होत नसलेले पदार्थ. जे घरी मिळते त्याच्यासाठी बाहेर पैसे मोडणे मध्यमवर्गाला पटत नसे. घरी न होणाऱ्या मसाला डोशासाठी ते पटले. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पगार हातात असताना, दोघांत दोन डोसे आणि एक-एक कॉफी हा खर्च कारकुनाच्या आवाक्यातला होता. पुण्यात हेच काम जगन्नाथ शेट्टी यांच्या रूपाली आणि वैशाली या फर्ग्युसन रस्त्यावरच्या हॉटेलांनी केले.

लाकडी आडोसा

जात अशी सैल झाली तरी बसण्याचा प्रश्न उरलाच. हॉटेलातला मुख्य दिवाणखाना पुरुषांचा. तिथे बिड्या ओढल्या जात, रेसचे आकडे बोलले जात, कामगार तासन्‌तास वर्तमानपत्र वाचत. पुरुषांच्या नजरा झेलत तिथे सुनेने बसणे घरच्यांना रुचणारे नव्हते. मालकांनी मागच्या बाजूला किंवा पोटमाळ्यावर लाकडी आडोसे घालून खण पाडले. प्रत्येक खणात एक टेबल, चार खुर्च्या, तोंडाशी पडदा किंवा ढकलदार, वेटरला बोलवायला घंटीचे बटण. बाहेर पाटी लागली : फॅमिली रूम.

नियम साधा होता. बरोबर बाई असेल तरच आत. एकटा पुरुष किंवा मित्रांचे टोळके आले तर वेटर त्यांना बाहेरच्या टेबलाकडे वळवी. काही ठिकाणी आतला दर बाहेरच्यापेक्षा थोडा चढा असे. घाई करायची नाही, हे अलिखित कलम त्यात धरलेले होते. बाहेर इराणी मालक जास्त वेळ बसणाऱ्यांकडे डोळे वटारी. आत तो सहसा डोकावत नसे. लग्न झाल्याचा पुरावा कुणी मागत नव्हते, त्यामुळे लग्न न झालेल्या जोडप्यांनीही या खणांचा भरपूर उपयोग केला आणि काही फॅमिली रूम बदनामही झाल्या. पण बहुसंख्य गिऱ्हाईक खरोखरच नवे लग्न झालेले, नाहीतर मुलेबाळे घेऊन आलेले असे. पडद्याआड बाई नवऱ्याच्या समोर बसून, त्याच वेळी, त्याच्यासारख्याच बशीतून खात होती. घरी सासूसमोर हे अजून घडत नव्हते.

चाळीतले नवे जोडपे

या आडोशाची गरज खाण्यापुरती नव्हती. १९२० च्या दशकात सरकारने नायगाव, वरळी, शिवडी आणि डिलाईल रोड इथे बीडीडीच्या (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) २०७ चाळी बांधल्या. खोली सुमारे १६० चौरस फुटांची. खाजगी चाळींतली अवस्था फारशी निराळी नव्हती. अशा एका खोलीत सासूसासरे, दीर-नणंदा आणि नवे जोडपे राहत. दोघांना चार शब्द बोलायला जागा नसे. १९७० च्या ‘मुंबईचा जावई’ या मराठी चित्रपटाचा विषय हाच, आणि १९७२ मध्ये बासू चटर्जींनी त्यावर ‘पिया का घर’ हा हिंदी चित्रपट केला.

म्हणून जोडपी बाहेर पडत. गिरगावकर चौपाटीवर, दादरकर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर, परळ-लालबागचे राणीच्या बागेत. चौपाटीवरची भेळ ही हॉटेलाआधीची पायरी होती : उघड्यावर, वाळूत बसून, कुणी शिजवलेले नाही तर नुसते कालवलेले खाणे. त्याला सिनेमाची जोड मिळाली. गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये १९३१ साली ‘आलम आरा’ लागला. पुढे दादरला प्लाझा, चित्रा अशी चित्रगृहे झाली, १९६० च्या दशकात शिवाजी मंदिरचे नाट्यगृह उभे राहिले. चित्रपट किंवा नाटक, मग हॉटेल, मग चालत घरी, असा कार्यक्रम ठरून गेला. नाटकाला जातो असे घरी सांगता येई. हॉटेल त्यात आपोआप धरले जाई.

एकाच आळीत किती प्रकारचे खाणे मिळते याचा शोध या फिरण्यातूनच लागला. दादरला अर्ध्या तासाच्या चालीत पीयूष, डोसा, बन मस्का आणि मालवणी मासे सगळे होते. कोकणी घरातल्या मुलीला गोमंतक पद्धतीच्या हॉटेलात माहेरची चव सापडे. शाकाहारी घरात पडलेल्या मासेखाऊ सुनेची ही मोठीच सोय होती. गिरगावात खोताच्या वाडीतल्या अनंताश्रमाची माशांची ताटे नावाजलेली होती. फोर्टमध्ये मंगळुरी लंच होम आणि गोमंतक भोजनालये होती. पण तिथली दुपार कचेरीतल्या पुरुषांचीच राहिली.

या दुकानांना तग धरता आला त्यामागे कायदाही होता. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठवली. गल्लीतल्या मोक्याच्या जागेवर स्वस्त चहा विकूनही हॉटेल चालू शकले, आणि दोन बशांवर तासभर बसलेले जोडपे मालकाला फारसे जड गेले नाही.

परमिट रूम आणि वातानुकूलित दालन

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने या हॉटेलांच्या रचनेवर दुसरी रेघ ओढली. बंदी पुढे सैल झाली तेव्हा दारू पिणाऱ्यासाठी परवाना आणि पाजणाऱ्यासाठी वेगळी खोली आली, ती परमिट रूम. चहाबिस्किटांवर पोट भरेनासे झालेल्या अनेक इराणी हॉटेलांनी बिअर ठेवायला सुरुवात केली. बरीच शेट्टी मालकांच्या हातात गेली. एकाच इमारतीत खाली परमिट रूम पुरुषांची आणि वर फॅमिली रूम कुटुंबांची, अशी वाटणी झाली. एकाच दारातून आत शिरावे लागले की बायकामंडळी ते हॉटेल टाळत. म्हणून दोन वेगळे दरवाजे ठेवणारे मालक शहाणे ठरले.

लाकडी खण मोडले ते मात्र दुसऱ्या कारणांनी. १९६० नंतर कचेऱ्यांत, बँकांत, टेलिफोन खात्यात नोकरी करणाऱ्या मध्यमवर्गीय स्त्रिया वाढल्या. दुपारच्या सुटीत मैत्रिणींबरोबर उडुप्याच्या मुख्य दिवाणखान्यात बसणाऱ्या बाईला संध्याकाळी नवऱ्याबरोबर पडद्याआड बसण्याचे कारण उरले नाही. तिच्या पगारामुळे खर्चाचाही प्रश्न हलका झाला. जागेचे भाव चढले तसे खणांनी अडवलेली जागाही मालकांना परवडेना. पोटमाळ्यावरच्या आडोशांच्या जागी काचेचे दार आणि वातानुकूलन यंत्र आले. चढा दर टिकला. पाटी बदलून ‘ए.सी.’ झाली.

याच काळात फळाही बदलला. पावभाजी गिरण्यांच्या आणि कापड बाजाराच्या परिसरातून निघून उडुप्यांच्या टेबलावर पोचली. पंजाबी भाज्या आणि शेट्टी आचाऱ्यांच्या हातचे चिनी पदार्थ त्याच हॉटेलात मिळू लागले. मराठी पदार्थांचे टेबल-खुर्चीवरचे हॉटेल पुन्हा जोरात आले. दादरला १९८६ मध्ये सुरू झालेले आस्वाद हे त्याचे ठळक उदाहरण. गिरगाव-दादरची मराठी कुटुंबे पार्ले, ठाणे, डोंबिवली, बोरिवलीकडे सरकली, तशी पोळीभाजी केंद्रे, मालवणी हॉटेले आणि थाळीघरे त्यांच्यामागोमाग उपनगरांत गेली.

जोडपे आणि नातेवाईक यांच्यातला जुना क्रमही उलटला. आता मामा-मावशीच केळवण हॉटेलात करतात, आणि मुंबई-पुण्यातली मराठी हॉटेले त्यासाठी ताटाभोवती रांगोळी आणि सजावटीसह खास थाळी देतात. हॉटेल कोणते, हे पुष्कळदा होणाऱ्या नवरानवरीलाच विचारून ठरते. उरलेल्या थोड्या इराणी हॉटेलांत आणि उपनगरांतल्या जुन्या उडुप्यांकडे फॅमिली रूमची पाटी क्वचित कुठे दिसते, पण आत जाण्याची अट संपली आहे. एकटा गिऱ्हाईकही तिथे बसून चहा पितो.